ऑनलाइन कट्ट्यावर नव्याने येताना : तंत्रज्ञान, गेम आणि घडामोडींच्या गप्पांत उतरण्याची तयारी

माझ्या भाच्याने २०२४ च्या जून महिन्यात मला त्याच्या मित्रांच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या व्यासपीठावरच्या त्यांच्या गटात, घेतले, तेव्हा माझे वय सेहेचाळीस होते आणि गप्पा मारायला कुणी शिकवावे लागत नाही असा माझा समज होता. दुसऱ्याच दिवशी मी तिथे एक स्क्रीनशॉट टाकला. ‘बीजीएमआय’ हा मोबाइल गेम भारतातल्या अ‍ॅप स्टोअरांवरून हटवल्याची ती बातमी होती आणि तिच्याखाली ‘आता तरी पोरे अभ्यासाला लागतील’ अशी पुरवणी मी स्वतः जोडली होती. तीन मिनिटांत उत्तर आले : ‘काका, काल रात्रीच चिकन डिनर झालं. बातमी फ्रिजमधून काढलीत का?’

‘चिकन डिनर’ म्हणजे त्या गेममध्ये शेवटपर्यंत टिकून जिंकणे, हेही मला भाच्याला फोन करून विचारावे लागले. गेम हटवला गेला होता हे खरे, पण तो २८ जुलै २०२२ रोजी. मे २०२३ मध्ये तो परतही आला होता. मी दोन वर्षांपूर्वीची बातमी ताजी म्हणून वाढली होती.

आज त्याच सर्व्हरवर मी मॉडरेटर, म्हणजे नियम सांभाळणारा, म्हणून काम पाहतो आणि नवे आलेले लोक नेमके त्याच खड्ड्यात पाय घालताना आठवड्याला एकदा तरी दिसतात. त्यांच्यासाठी ही टिपणे लिहिली आहेत. अशा गप्पांत पाणचट विनोद खपतो, चुकीचे मतही खपते. जिची तारीख आणि उगम ठाऊक नाही अशी बातमी मात्र खपत नाही. खालच्या पायऱ्यांपैकी बहुतेक त्यासाठीच आहेत.

१. कोणत्या कट्ट्यावर बसणार आहात ते ओळखा

व्हॉट्सअ‍ॅपचा गट, टेलिग्रामचा गट आणि डिस्कॉर्डचा सर्व्हर या तीन जागा वरवर सारख्या वाटतात, पण त्यांची रीत वेगळी आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तुमचा फोन नंबर इतर सदस्यांना दिसतो आणि सगळे विषय एकाच धाग्यात येतात, त्यामुळे तिथे शुभ सकाळ, ग्राफिक्स कार्ड आणि महापालिकेची निवडणूक एकाखाली एक येते. डिस्कॉर्डवर नंबर दिसत नाही, टोपणनाव चालते आणि विषयवार चॅनले केलेली असतात. गेमच्या चॅनलमध्ये राजकारण टाकणे म्हणजे लग्नाच्या मांडवात जमिनीच्या वाटणीचा विषय काढणे होय. डिस्कॉर्डसाठी किमान वय १३ वर्षे आहे, तेव्हा घरातल्या धाकट्यांना सोबत घेऊन जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी नियमांचे चॅनल आणि पिन केलेले संदेश वाचून काढा. तसे दहा मिनिटांचेच काम आहे आणि कुणीच करत नाही.

२. लागणारे साहित्य

कागदपत्र एकही लागत नाही. कोणत्याही गटात प्रवेशासाठी किंवा वयाच्या पडताळणीसाठी कुणी अ‍ॅडमिन आधार कार्डाचा फोटो मागत असेल, तर तो गट तेथेच सोडा. बाकी साहित्य असे :

– या कामापुरता वेगळा ई-मेल पत्ता आणि त्याचा वेगळा पासवर्ड. नेट बँकिंगचा ई-मेल इथे वापरू नये.
– द्विस्तरीय पडताळणीसाठी कोड देणारे अ‍ॅप.
– मराठी कळफलक. फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडता येते. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलकही विंडोजमध्येच मिळतो, वेगळे काही उतरवावे लागत नाही.
– व्हॉइस चॅनलवर बोलणार असाल तर माइक असलेला साधा हेडफोन. फोनच्या स्पीकरवर बोललात तर समोरच्याचा आवाज त्यालाच परत ऐकू जातो, आणि तुमच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या वीस जणांपर्यंत पोहोचतात.

मराठी कळफलकावर माझा विशेष भर आहे. रोमन लिपीत मराठी लिहिले की ‘काल’, ‘काळ’, ‘कल’ आणि ‘कळ’ हे चारही शब्द एकाच स्पेलिंगने येतात आणि विनोदाचा अर्धा जीव तिथेच जातो. अर्थात सगळा गट रोमनमध्ये लिहीत असेल, तर तिथे देवनागरीचा झेंडा रोवत बसू नका.

३. पहिले आठ दिवस फक्त वाचा

हा सल्ला मी पाळला नव्हता, म्हणून तर फ्रिजची फजिती झाली. आठ दिवस वाचल्याने तीन गोष्टी कळतात : कोण कोणाची फिरकी घेतो, कोणते विनोद घरचे आहेत आणि कोणत्या विषयावर गट आधीच भांडून थकलेला आहे. प्रत्येक कट्ट्यावर असा एखादा थकलेला विषय असतो. आमच्याकडे तो ‘आयफोन की अँड्रॉइड’ हा आहे, आणि तो काढणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, फक्त जांभईचे चित्र टाकतात.

या काळात सूचनांचा आवाज बंद ठेवा आणि फक्त तुमचे नाव घेऊन कुणी लिहिले तरच फोन वाजेल अशी व्यवस्था करा. नाही तर चौथ्या दिवशी घरचे लोक तुमचा फोन माळ्यावर ठेवतील.

४. बातमी टाकण्यापूर्वी तिची तारीख आणि उगम पाहा

या पायरीसाठी थोडा निवांत वेळ काढा.

पहिली तपासणी तारखेची. स्क्रीनशॉटमध्ये तारीख नसेल, तर तो स्क्रीनशॉट पुरावा म्हणून बाद समजावा. मथळ्यातले चार-पाच शब्द शोधयंत्रात टाकून मूळ बातमी उघडा आणि तिच्यावरची तारीख वाचा. चित्र असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून ते पूर्वी कुठे आले आहे ते पाहा. गेमच्या बाबतीत तर हे विशेष आवश्यक आहे, कारण भारतात हा इतिहास नागमोडी आहे : २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी आली आणि त्यांत ‘पबजी मोबाइल’ गेला, २ जुलै २०२१ रोजी त्याचा भारतासाठीचा अवतार म्हणून ‘बीजीएमआय’ आला, पुढच्या जुलैत तो हटवला गेला, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परत आला. ‘लोकप्रिय गेमवर बंदी’ असा मथळा यांतल्या कोणत्याही टप्प्यावरचा असू शकतो. तारखेवाचून तो निरर्थक आहे.

दुसरी तपासणी उगमाची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या संदेशाच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसत असेल, तर तो किमान पाच वेळा पुढे ढकलला जाऊन तुमच्यापर्यंत आलेला आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हा निर्बंध एप्रिल २०२० पासून आहे. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच ठिकाणांवर आणली गेली होती, आणि त्यामागचे एक कारण आपल्याच राज्यातले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी म्हणून आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. दुहेरी बाण दिसला की मला ते गाव आठवते आणि मी तो संदेश पुढे पाठवत नाही, मग त्यात कितीही निरुपद्रवी काही असो.

तिसरी तपासणी बातमीच्या जातीची. कंपनीने किंवा शासनाने स्वतः जाहीर केले असेल तर ती घोषणा; आतल्या माणसाकडून किंवा फुटलेल्या फायलीतून आले असेल तर ते लीक; आणि ‘असे कळते’ इतकाच आधार असेल तर ती अफवा. तिन्ही टाकायला हरकत नाही, मात्र जात आधी लिहावी. ‘जीटीए ६’ या बहुप्रतीक्षित गेमचे उदाहरण घ्या. त्याचा पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी भारतात दिसणार होता, पण तो फुटला आणि कंपनीने आपल्याकडच्या त्याच दिवशीच्या पहाटेच अधिकृतपणे टाकून दिला. प्रकाशनाचे वर्ष आधी २०२५ सांगितले गेले, मग २६ मे २०२६ ही तारीख आली, मग १९ नोव्हेंबर २०२६. या प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर आमच्या सर्व्हरवर डझनभर ‘पक्क्या’ तारखा येऊन गेल्या. ज्यांनी पुढे ‘अफवा’ असे लिहिले होते त्यांची कुणी टिंगल केली नाही.

आणि चौथी गोष्ट, तिला तपासणी म्हणण्यापेक्षा संयम म्हणावे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर थोड्याच वेळात जगभरच्या कार्यालयांतले संगणक बंद पडून त्यांचे पडदे निळे होऊ लागले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आमच्या सर्व्हरवर अकरा वाजेपर्यंत ‘सायबर हल्ला’, ‘अमुक देशाचे काम’ आणि ‘बँका रिकाम्या होणार’ अशी तीन मते पक्की होऊन चुकली होती. मी नुकताच पोळलेलो असल्याने गप्प होतो. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरला पाठवलेले एक सदोष अपडेट हे कारण निघाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्यात सापडले. हल्ला नव्हता, हात घसरला होता. मोठी तांत्रिक घटना घडली की पहिले दोन-तीन तास ‘माझ्याकडे हे बंद आहे, तुमच्याकडे?’ एवढेच विचारावे. कारण सांगण्याची घाई करू नये.

शासकीय योजना, बंदी, नोटा आणि दंड यांविषयीच्या बातम्यांसाठी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) तथ्य पडताळणी विभाग पाहता येतो. तोही एक आधार समजा, एकमेव नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचे आपल्यातल्या किती जणांनी छातीठोकपणे सांगितले होते ते आठवून पाहावे. मीही सांगितले होते.

५. बातमीसोबत स्वतःचे एक वाक्य द्या

नुसती लिंक टाकून निघून जाणारा सदस्य कट्ट्यावर पेपर टाकणाऱ्या मुलासारखा असतो; त्याच्याशी कुणी बोलत नाही. बातमीचा सारांश एका ओळीत आणि त्यावर स्वतःची टिप्पणी दुसऱ्या ओळीत, एवढे पुरते.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला मायक्रॉन या कंपनीने ‘क्रुशल’ नावाने सामान्य ग्राहकांना होणारी रॅम आणि एसएसडी या संगणकाच्या मेमरी व साठवणीच्या भागांची विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला प्रचंड मागणी आली होती. आमच्याकडे एका मुलीने ही बातमी लिंकसह टाकली आणि खाली लिहिले : ‘यंदा लग्नात आहेराची पाकिटे आणू नयेत, आठ जीबीची एक स्टिक चालेल.’ त्यावर ‘मुलाकडून की मुलीकडून?’ हा प्रश्न आला, मग ‘मानपानात ग्राफिक्स कार्ड’, आणि मग मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर नुकताच जाऊन आलेल्या एकाने तिथल्या दुकानदारांनी सांगितलेले भाव सविस्तर लिहिले. संगणक जोडायला निघालेल्या चार जणांना त्या रात्री खरी माहिती मिळाली, तीही हसता हसता.

एक सूचना किमतींबद्दल. अमेरिकेतल्या डॉलरच्या किमतीला विनिमय दराने गुणून ‘भारतात इतक्याला मिळणार’ असे लिहू नका. आयात शुल्क आणि जीएसटी त्यात धरलेले नसतात, आणि प्रत्यक्ष किंमत आली की तुमचे गणित लोकांनी जपून ठेवलेले असते.

६. गेमच्या गप्पांचे शिष्टाचार

गोष्टीचा शेवट फोडणे हा या जगातला सर्वांत मोठा गुन्हा आहे. डिस्कॉर्डवर आणि टेलिग्रामवर मजकुराच्या आधी दोन आणि नंतर दोन उभ्या रेघा टाकल्या की तो झाकला जातो व ज्याला वाचायचा असेल त्यालाच दाबल्यावर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी सोय नाही, म्हणून तिथे शेवटाबद्दल बोलूच नये. नवा गेम आल्यावर किती दिवस झाकून लिहायचे ते गटाने ठरवलेले नसेल, तर मी महिनाभर धरतो.

न खेळलेल्या गेमवर मत देऊ नका, विशेषतः आपल्याकडे बनलेल्या गेमवर. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, ‘इंडस’ ही बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा प्रकारची) गेम पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणली. पहिल्याची लढाई अवघड वाटते की कंटाळवाणी, दुसऱ्याचा नकाशा कसा आहे, यावर हवे तेवढे भांडावे. ‘आपल्याकडे गेम बनतच नाहीत’ असे म्हटल्यावर मात्र पुढे बोलायला काही उरत नाही.

जिंकलेल्याने हरलेल्याची चेष्टा करावी, ती रीतच आहे. खेळाची, निशाण्याची, ऐनवेळी गेलेल्या वायफायची खेचावी. आवाज, बोली, गाव, जात, इंग्रजी आणि घरची परिस्थिती यांना हात लावू नये. व्हॉइस चॅनलवर एखादी मुलगी आली म्हणून वेगळे वागणाऱ्याला आम्ही एकदा सांगतो, दुसऱ्यांदा काढतो.

७. चालू घडामोडींवर लिहिताना

इथे चेष्टेला कायद्याची बाजूही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी लिहिलेल्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांतल्या एकीने ती पोस्ट केवळ ‘लाइक’ केली होती. त्या प्रकरणातून जी याचिका उभी राहिली तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. यावरून ‘आता काहीही लिहिता येते’ असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी कलम १९६ आणि सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या विधानांसाठी कलम ३५३ आहे. खासगी गटातला स्क्रीनशॉट बाहेर जायला एक बोट पुरते.

गटाचे अ‍ॅडमिन होण्यास घाबरणाऱ्यांसाठी : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की समान उद्देश किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. मी वकील नाही. एवढे मात्र करतो की तसा मजकूर दिसताच काढतो आणि का काढला ते लिहितो.

पैशांच्या गेमांची रेफरल लिंक (नव्या माणसाला जोडून घेण्याचा दुवा) गंमत म्हणूनही टाकू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमांना मनाई आहे आणि त्यांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने वेगळी मान्यता दिली आहे, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करून वाद घालू नये.

८. नव्या माणसासाठी लावलेले सापळे

हे चार प्रकार मी प्रत्यक्ष पाहिले आहेत, त्यांतला पहिला स्वतःवर.

‘माफ करा, माझ्याकडून चुकून तुमचे स्टीमचे खाते फसवणूक म्हणून रिपोर्ट झाले, या अधिकाऱ्याशी बोला, नाही तर खाते बंद होईल.’ स्टीम हे संगणकावरच्या गेमांचे ऑनलाइन दुकान. असा संदेश आला की समोरचा ‘अधिकारी’ त्याच टोळीतला असतो आणि त्याला तुमचा स्टीम गार्डचा, म्हणजे लॉगिन करताना लागणारा, कोड हवा असतो. मी कोडाचे पहिले दोन आकडे टाइप करेपर्यंत पोहोचलो होतो. भाचा शेजारी होता म्हणून वाचलो.

दुसरा प्रकार फुकट नायट्रोच्या, म्हणजे डिस्कॉर्डच्या सशुल्क सदस्यत्वाच्या, लिंकचा. तिसरा ‘पडताळणीसाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ हा, ज्यात स्कॅन करताच तुमचे खाते त्यांच्या संगणकावर उघडते. चौथा फारच गोड : ‘मी एक छोटा गेम बनवलाय, खेळून मत सांगाल का?’ ती फाइल उघडली की पासवर्ड जातात. ओळखीच्या माणसाच्या नावाने आली तरी उघडू नका, कारण त्याचे खाते आधीच गेलेले असू शकते. त्याला फोन करून विचारा.

पैसे गेले असतील तर गटात सांत्वन शोधण्यापूर्वी १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

९. चूक झाल्यावर

संदेश गुपचूप पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत संदेश बदलता येतो, डिस्कॉर्डवर कधीही बदलता येतो, पण दोन्हीकडे बदलल्याची खूण राहते आणि तोपर्यंत कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेलाच असतो. मूळ संदेश तसाच ठेवून त्यालाच उत्तर म्हणून ‘ही बातमी जुनी आहे, चूक माझी’ असे लिहावे. पाच जण टपली मारतील, सहावा विषय बदलेल.

आमच्या सर्व्हरवर आता जुन्या बातम्यांसाठी ‘शिळी भाकरी’ नावाचे स्वतंत्र चॅनल आहे. ज्याची बातमी शिळी निघेल, त्याचा संदेश तिथे चिकटवला जातो आणि शेजारी मूळ तारीख लिहिली जाते. चॅनलच्या अगदी वर, पहिल्या क्रमांकावर, माझा बीजीएमआयचा स्क्रीनशॉट पिन केलेला आहे. मॉडरेटर झाल्यावर तो काढण्याचा अधिकार मला मिळाला. नव्या माणसाला नियम समजावताना तोच दाखवावा लागतो, म्हणून राहू दिला आहे.